बाणाईचा चाकर आणि ‘ट्वायलाइट’चा नायक



आजच्या भाषणाचा विषय माझ्या वयाच्या माणसानें घ्यावा असा नाहीं, असें पुष्कळांस वाटेल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींकरितां काढलेला, आणि ज्यांत नायक मनुष्यच नाहीं असा प्रेमपट, हा तो विषय. परंतु जी गोष्ट आपल्या घरांतील मुलें रात्रीं दार लोटून, पांघरुणाखालीं मोबाईलचा उजेड धरून पाहतात, ती कशी रचलेली असते हें वडील माणसांनीं जाणून घेऊं नये असें कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. ‘वाईट आहे’ एवढें म्हणून हात झटकणें सोपें असतें. मी मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं, तेव्हां पंडितांची परिभाषा मजपाशीं नाहीं. पण आयुष्यभर मुलांकडून गोष्टी लिहवून घेतल्या, त्यावरून इतकें सांगतां येतें कीं, जी गोष्ट पोराच्या मनाला धरते तिची बांधणी कोठेंतरी पक्की असतेच.

उदाहरणाकरितां ‘ट्वायलाइट’, म्हणजे ‘संधिप्रकाश’, हा अमेरिकन चित्रपट घेऊं. २००८ सालच्या नोव्हेंबरांत तो निघाला. स्टेफनी मेयर ह्या बाईंच्या २००५ सालच्या कादंबरीवरून तो रचिलेला असून दिग्दर्शनही कॅथरिन हार्डविक ह्या बाईंचेंच. पुढें २०१२ पर्यंत त्याचे आणखी चार भाग झाले. कथा अशी. बेला ही सतरा वर्षांची मुलगी. आईनें दुसरा संसार मांडला आहे. तिच्या नव्या संसारांत आपली अडचण नको म्हणून मुलगी फिनिक्स ह्या रणरणत्या उन्हाच्या शहरांतून फोर्क्स ह्या सदा पाऊस असलेल्या गांवीं बापाकडे राहावयास येते. बाप त्या गांवच्या पोलिसांचा मुख्य. सज्जन, पण अबोल. शाळेंत एका कुटुंबांतलीं चार-पांच मुलें कोणांत मिसळत नाहींत. रंगानें फटफटीत, रूपानें देखणीं. त्यांतला एडवर्ड जीवशास्त्राच्या तासाला तिच्या शेजारीं बसतो, आणि घाण वास आल्यासारखा तोंड फिरवितो. पुढें एक दिवस शाळेच्या आवारांत घसरत अंगावर आलेली मोटार तो नुसत्या हातानें अडवून तिचा जीव वांचवितो, आणि वर म्हणतो कीं तसें कांहीं घडलेंच नाहीं.

येथून मुलीचें संशोधन सुरू होतें. तिला कळतें तें असें कीं, १९१८ सालच्या इन्फ्लुएंझांत हा मुलगा मरणाच्या दारीं होता. आपल्याकडे जिला ‘मानमोडी’ म्हणत, तीच ती साथ. तेव्हां एका रक्तपिपासु वैद्यानें त्याला आपल्या जातींत ओढून घेतलें. तेव्हांपासून तो सतराच वर्षांचा आहे. ह्या कुटुंबानें माणसाचें रक्त वर्ज्य करून जनावरांवर भागविण्याचें व्रत घेतलें आहे. तोंड फिरविलें तें तिटकाऱ्यानें नव्हे; तिच्या रक्ताचा वास त्याला अनावर होतो म्हणून. पुढें असल्या व्रताचें बंधन नसलेले तिघे भटके येतात, त्यांतला एक तिच्या मागें लागतो, तिला फसवून एका ओसाड नाचशाळेंत गांठतो व चावतो; एडवर्ड तिच्या अंगांत भिनणारें विष शोषून काढतो आणि तिचें मनुष्यपण वांचवितो. शेवटीं शाळेचें स्नेहसंमेलन, दिव्यांची रोषणाई, आणि दोघांचा नाच.

आतां ह्या संविधानकाचे सांधे उकलून पाहूं. पहिला सांधा, मुलगी परक्या गांवीं येते. हें जितकें सहज दिसतें तितकें तें नाहीं. जुन्या गांवीं, आपल्या माणसांत राहणाऱ्या मुलीला अद्भुत भेटत नाहीं. तें भेटावयास आधीं ती उपटून दुसरीकडे लावलेली असावी लागते. शिवाय ही नायिका मुद्दाम पुसट ठेविली आहे. तिला फारसा छंद नाहीं, ठळक गुण नाहींत, मोठा दोष नाहीं. चालतांना अडखळते एवढेंच. कोणाच्याही अंगास यावा असा सैल शिवलेला हा सदरा आहे, आणि पाहणारी प्रत्येक मुलगी तो घालून पाहते.

दुसरा सांधा मला सर्वांत कुशल वाटतो. नायक कोण हें मुलीला नायक सांगत नाहीं. समुद्रकांठीं राहणाऱ्या एका आदिवासी जमातीचा मुलगा, जेकब, आपल्या वाडवडिलांची एक दंतकथा तिला सांगतो. आणि सांगतांना हंसतो, कारण त्याचा तिच्यावर विश्वास नाहीं. तो हंसतो म्हणून आपला विश्वास बसतो! भुताची गोष्ट गंभीर चेहऱ्यानें सांगणाऱ्याची पोरें खोडी काढतात. पण गडीमाणूस सहज, काम करतां करतां बोलून गेला, तर त्या रात्रीं कोणी अंगणांत जात नाहीं.

हीच युक्ति आपल्या मुंबईच्या चित्रपटांत पूर्वीच वापरलेली आहे. १९४९ सालीं बॉम्बे टॉकीजनें कमाल अमरोहींच्या दिग्दर्शनाखालीं ‘महल’ काढला. अशोककुमार नायक, आणि नायिका मधुबाला, जिचें वय त्या वर्षीं अवघें सोळा होतें. यमुनाकांठच्या एका जुन्या वाड्यांत नवा मालक येतो. वाड्याचा म्हातारा माळी त्याला त्या वास्तूंतील दोन प्रेमिकांची करुण कहाणी सांगतो, आणि मग भिंतीवरचें चित्र पाहतों तों त्यांतला चेहरा ह्या मालकाचाच. रात्रीं एक स्त्री गात हिंडते. ती पिशाच नसून माळ्याचीच मुलगी आशा, हें शेवटीं उघड होतें. एका सोळा वर्षांच्या मुलीनें ऐकीव प्रेमकथेंत शिरून राहावयाचें ठरविलें, आणि त्या नादांत सर्वांच्याच आयुष्याची धूळधाण झाली, असा त्या चित्रपटाचा गाभा आहे. गोष्टीनें मुलें झपाटतात ही काळजी आजची नव्हे, हें ‘महल’ पाहिला म्हणजे पटतें. १९५८ च्या ‘मधुमती’ची वाट मात्र निराळी: तेथें वादळी रात्र, पडकी हवेली आणि पूर्वजन्मीचें स्मरण आहे. पुनर्जन्म आपल्या प्रेक्षकास समजावून द्यावा लागत नाहीं. त्यामुळें बिमल रॉय ह्यांस अर्ध्या तासाचें काम एका प्रसंगांत करतां आलें.

परंतु सोंग घेऊन आलेल्या अद्भुत प्रियकराची खरी मराठी कथा ऐकावयाची तर चित्रपटगृह सोडून नांदेड जिल्ह्यांतच लोहा तालुक्यांत, माळेगांवच्या यात्रेस जावें लागेल. मार्गशीर्षांत तेथें खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवें, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड, आणि रात्रीं कोठें ना कोठें वाघ्या-मुरळींचें जागरण. त्यांत खंडोबा आणि बाणाईची कथा पाठभेदानें गातात. म्हाळसा ही वाण्याची लेक, देवाची लग्नाची बायको. तिच्याशीं सारीपाट खेळतांना देव हरला, आणि पणाप्रमाणें बारा वर्षें वनवासास निघाला. चंदनपुरीस बाणाई ही धनगराची मुलगी होती. (आपलें माळेगांव निराळें व नाशिककडचें मालेगांव निराळें, चंदनपुरी आहे ती त्या दुसऱ्याजवळ. श्रोत्यांतील कोणी घोटाळा करूं नये म्हणून सांगितलें.) तिच्याकरितां देव वेष पालटून त्या घरीं चाकर राहिला. वाडा झाडला, लेंड्या उचलल्या, मेंढरें राखलीं. मग एके दिवशीं मेंढरें मेलीं. तीं ह्या चाकरानेंच मारिलीं असें कथा स्पष्ट सांगते. तीं जिवंत करून देतों, पण मुलगी द्या, असा त्यानें सौदा केला, मेंढरें उठलीं, आणि बाणाईला घेऊन देव जेजुरीस आला. ही कथा २०१४ ते २०१७ ह्या काळांत दूरदर्शनाच्या एका खाजगी वाहिनीवर ‘जय मल्हार’ ह्या नांवानें घराघरांत पाहिली गेली. तेव्हां शहरांतील श्रोत्यांसही ती अपरिचित नसावी.

भाविकांनीं राग मानूं नये. देवाची बरोबरी मी रक्तपिपासूशीं करीत नाहीं. कथेच्या सांगाड्याकडे पाहत आहें. सांगाडा तोच: परक्या रूपानें आलेला अलौकिक पुरुष, साध्या घरची मुलगी, रोटीबेटी नसलेल्या दोन जाती, आणि योग्य वेळीं प्रकट होणारें सामर्थ्य. फरक आहे तो नायकाच्या परीक्षेंत. अमेरिकन नायकाची परीक्षा संयमाची आहे. तो श्रीमंत आहे, उत्तम मोटारी चालवितो, पियानो वाजवितो. त्यानें करावयाचें काय, तर जवळ असून चावावयाचें नाहीं. आपल्या देवाची परीक्षा कष्टाची आहे. प्रत्यक्ष मल्हारी मार्तंडाला मुलीच्या घरचें शेण काढल्यावांचून मुलगी मिळालेली नाहीं. ज्या लोकांनीं ही कथा रचिली त्यांच्या घरीं जांवई कशावर पारखीत असतील, तें ह्यावरून समजतें. मला व्यक्तिशः ही दुसरी परीक्षा अधिक भरंवशाची वाटते. पण मेंढरांची लबाडी मला रुचत नाहीं, आणि एडवर्डाचें एक कृत्यही रुचत नाहीं: मुलगी झोंपलेली असतां हा खिडकीवाटे खोलींत येऊन तिच्याकडे पाहत बसतो, आणि ती तें कळल्यावर रागावत नाहीं. चित्रपटांत हें प्रेमाचें लक्षण म्हणून दाखविलें आहे. खऱ्या आयुष्यांत असा कोणी खिडकींतून आला तर तें प्रेम नव्हे, एवढें मुलींस घरांतच कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवें. त्याशिवाय त्याचें वय! १९०१ सालचा जन्म म्हणजे चित्रपटाच्या वेळीं हा मुलगा एकशें सात वर्षांचा. आणि तो अजून शाळेंतच आहे, ही गोष्ट एका शिक्षकाच्या मनाला किती लागते तें मी काय सांगावें.

इतर ठशांवर फार वेळ घालवीत नाहीं. सखी हवीच, ती ‘ट्वायलाइट’मध्यें शाळासोबतीण आहे आणि अगदींच फिकी आहे. तिच्यापुढें आपली चित्रलेखा पाहा. बाणासुराच्या मुलीनें, उषेनें, स्वप्नांत पुरुष पाहिला. चित्रलेखेनें साऱ्या राजपुत्रांचीं चित्रें काढून ‘हा कीं तो’ विचारीत अनिरुद्ध ओळखून घेतला, आणि योगबळानें त्याला द्वारकेहून उचलून आणला. अशी सखी असल्यावर नायिकेला करावयास कांहीं उरत नाहीं, हा तिचा दोष म्हणावा तर म्हणावा. प्रतिस्पर्धी प्रियकर हा ठसा पुढील भागांत जेकबच्या रूपानें मोठा होतो. प्रतिनायक नेहमींच नायकाच्या जातीचा असतो. नायकानें व्रत सोडलें तर तो कसा होईल, तें दाखविण्यापुरता.

नायिकेचा ठसा मात्र एका ठिकाणीं आपल्या पुराणानें पार उलटा करून ठेविला आहे. सावित्री घ्या. वडाला सूत गुंडाळून आपण तिला इतकी सोज्ज्वळ केली आहे कीं, ती मूळ कथेंत कोण आहे हें विसरलों. तिच्या तेजापुढें कोणी मागणी घालीना, म्हणून बाप तिला ‘तूंच वर शोध’ म्हणून रथांतून धाडतो. ती सत्यवान निवडून येते. नारद सांगतो, वर्षानें मरणार. बाप म्हणतो, दुसरा पाहा. ती म्हणते, निवड एकदांच होते. मग वर्षभर त्या वनांतल्या झोंपडींत मृत्यूचें गुपित कोणाला ठाऊक असतें? तिला एकटीला, नवऱ्याला नाहीं. ‘ट्वायलाइट’मध्यें गुपित मुलाजवळ आहे आणि मुलगी तें शोधीत फिरते, येथें गुपित मुलीजवळ आहे आणि मुलगा आपला लांकडें तोडतो आहे. शेवटीं यमाच्या मागें चालत ती जिंकते तें शस्त्रानें नव्हे, रडूनही नव्हे, बोलून जिंकते. सासऱ्याची दृष्टि, त्याचें राज्य, बापाला पुत्र, मग स्वतःला पुत्र; शेवटचा वर देऊन बसल्यावर यमाच्या ध्यानांत येतें कीं नवरा परत दिल्यावांचून हा पुरा होत नाहीं. असें संविधानक आजच्या कोणत्याही पटकथाकारानें हेवा करावा असें आहे.

आतां हें सारें मी कां सांगत आहें तें सांगतों. आपल्या लातूर शहरांत अकरावी-बारावीच्या अभ्यासाकरितां दूरदूरच्या खेड्यांतून हजारों मुलें-मुली येऊन राहतात. ‘लातूर पॅटर्न’ हें नांव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. नांदेडासही तीच रीत आहे. पहाटे उठणें, शिकवणी, महाविद्यालय, पुन्हां शिकवणी, खाणावळीचा डबा, रात्रीं वसतिगृहाचें दार बंद. सोळा-सतरा वर्षांची मुलगी परक्या गांवीं, एका खाटेपुरत्या जागेंत. म्हणजे मघां सांगितलेला पहिला सांधा येथें तयारच आहे.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची मुलगी अशीच लातुरास होती. प्राथमिक शाळेंत ती माझ्या हाताखालीं शिकलेली. दिवाळीस घरीं आली असतां वडिलांनीं तिचा फोन पाहिला. त्यांत हे पांचही भाग, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्या नायकाचें पेन्सिलीनें काढलेलें चित्र. घरांत आगडोंब झाला. शिक्षण पुरे, फाल्गुनांत स्थळ पाहावयाचें, असें ठरत आलें. मुलीला सतरावें सरत होतें. १९७८ पासून मुलीच्या लग्नास कायद्यानें अठरा वर्षें पुरीं लागतात, हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. ‘चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, गुरुजी,’ असें ते म्हणाले. मला बोलाविलें तें त्यांच्या बाजूनें दोन शब्द सांगावयास.

मी मुलीला विचारलें, ‘बाळ, ह्यांत तुला काय आवडलं? तो मुलगा?’

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘गुरुजी, त्याला सगळ्यांच्या मनांतलं कळतं. फक्त तिच्या मनांतलं कळत नाहीं. म्हणून त्याला तिला विचारावं लागतं, तुला काय वाटतं म्हणून. सारखं विचारतो.’ आणि थोडें थांबून, ‘मला दहावीनंतर काय करायचं तेंही कोणी विचारलं नाहीं. डॉक्टर व्हायचं, असं सांगितलं.’

चित्रपटांत तें खरोखरच आहे. एडवर्डाला साऱ्यांचीं मनें वाचतां येतात. बेलाचें तेवढें वाचतां येत नाहीं. मीं ती गोष्ट कथानकाची एक गंमत म्हणून सोडून दिली असती. त्या मुलीनें सारा चित्रपट त्या एका खुंटीवर टांगला होता. वडील तेथेंच बसले होते. त्यांनीं त्या दिवशीं कांहीं उत्तर दिलें नाहीं; पण स्थळांचा विषय मागें पडला, आणि दिवाळी सरल्यावर ते स्वतः एस्. टी. नें तिला लातुरास पोंचवून आले. फोन मात्र ठेवून घेतला.

ह्यावरून सर्व चित्रपट निर्दोष, असें मी म्हणत नाहीं. अद्भुत नायकाची एक मोठी सोय असते: त्याच्यापुढें बाप, भाऊ, जात, पैसा, कोणाचेंच कांहीं चालत नाहीं. गोळी त्याला लागत नाहीं. ही सोय काढून घेतली कीं काय उरतें, तें नागराज मंजुळे ह्यांनीं २०१६ सालच्या ‘सैराट’मध्यें दाखविलें आहे. पाटलाची आर्ची आणि मासे मारणाऱ्यांच्या घरचा परशा, करमाळ्याकडचा मुलूख. पहिला अर्धा चित्रपट अगदीं प्रेमपटाच्या ठरलेल्या सांध्यांनीं चालतो. किंबहुना आर्चीच बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते, परशाला ओढून नेते, म्हणजे चित्रलेखेचें कामही तीच करते. उत्तरार्धांत दोघें परमुलुखांत झोंपडींत राहतात, भांडतात, कामाला लागतात, त्यांना मूल होतें, आणि मग माहेरचीं माणसें भेटीच्या वस्तु घेऊन येतात. पुढचें सांगत नाहीं; ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको. तेथें मोटार हातानें अडविणारा कोणी नव्हता. माझ्या मतें मुलांना ‘ट्वायलाइट’ पाहूं द्यावा, आणि त्याच्या मागोमाग आईबापांनीं बरोबर बसून ‘सैराट’ पाहावा. बरोबर बसणें अवघड जातें हें मला ठाऊक आहे. आपल्याकडे पडद्यावर दोन माणसें जवळ आलीं कीं घरांतल्या वडील माणसाला एकाएकीं तहान लागते.

एक गोष्ट राहिली. ‘ट्वायलाइट’चा पहिला भाग नाचावर संपतो, बहुतेक प्रेमपट लग्नाच्या अलीकडे वा त्याच्या मांडवांत संपतात. जागरणांत तसें नाहीं. बाणाई जेजुरीस आली म्हणजे कथा संपत नाहीं, रंगावयास लागते. म्हाळसा दारांत उभी असते. धनगराची पोर माझ्या घरांत नको, असें ती देवाला बजावते, आणि देव, ज्यानें मणि-मल्ल मारिले, तो दोघींच्या मध्यें निरुत्तर होतो. आजही जेजुरीचा गड चढतांना बाणाईचें देऊळ अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांच्या कडेस लागतें. म्हाळसा वर देवापाशीं आहे. माळेगांवच्या जागरणांत मुरळी ह्या दोघींचें भांडण दोन आवाजांत गाते. म्हाळसा काढते ती जात, मेंढरांचा वास, घोंगडी. बाणाई उलट विचारते कीं मी कोणाच्या दारीं आलें नव्हतें, तुझाच नवरा बारा वर्षें माझ्या दारीं चाकर होता, तेव्हां तूं कोठें होतीस? ह्या ठिकाणीं बायकांत हंशा पिकतो. देव काय म्हणतो तें वाघ्या सांगत नाहीं. तो दिमडी वाजवीत राहतो, आणि भांडण उजाडेपर्यंत चालतें.